दोघांत एक नळी

शिनोली, ता. आंबेगाव
रविवार, १० सप्टेंबर २००६

प्रिय प्रबुद्ध,

सप्रेम जयभीम. आमचं सगळ्यांचं ठीक चाललं आहे. तुमची तिघांची खुशाली लोणीकडून येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून कळते, पण ती पाण्याच्या मोटारीच्या भावाबरोबर येता जाता कळते. तुझ्या अक्षरात कळून दहा वर्षं झाली.

आधी एक हिशेब सांगतो, म्हणजे पत्र कशावरून निघालं ते कळेल. पाण्याखाली बघायची काच, तोंडात धरायची नळी आणि पायात घालायचे रबरी पंजे, असा एक संच पुण्याच्या दुकानदाराने मला साडेआठशेला दिला. हा झाला पावतीवरचा आकडा. पहिली काच घरी आणून लावली तर नाकाखालून पाणी आत. ज्योत्स्नाला कॉलेज बुडवून माझ्याबरोबर दुकानात यावं लागलं. दुकानदार माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, काका, काचेत दोष नाही, मिशीत आहे. मिशीच्या केसांतून पाणी वाट काढतं. दोन वेळा पुण्याला जाणं, दोन दिवस दुकानाला कुलूप, त्यात एक गिऱ्हाईक पाच हॉर्सपॉवरची मोटार मंचरहून घेऊन गेलं, आणि शेवटी तीस वर्षांची मिशी. ती कातरून ओठालगत बारीक केली आहे. तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघत होती. तेव्हा या संचाची खरी किंमत पावतीवर लिहिण्यासारखी नाही.

आता हे सोंग कशाला, ते सांगतो. कंपनीने यंदा डीलर लोकांना आकडा ठरवून दिला होता. इतक्या मोटारी विकणाऱ्याला सिंगापूरहून बोटीची सहल, पाच दिवस, दोघांना. आपल्या भागातून तो आकडा दोघांनीच गाठला. एक ओतूरचे सावळारामशेठ, दुसरा मी. बोट म्हणजे आपली होडी नव्हे. कंपनीच्या साहेबांनी फोटो दाखवले. दहा मजले, आत बाजार, जेवायची हॉटेलं, वर छतावर पोहायचा हौद. समुद्रात बोट, बोटीवर हौद. एका दिवशी बेटावर उतरवतात आणि पाण्यात तोंड घालून मासे बघायला लावतात. स्नॉर्कलिंग म्हणतात त्याला. काच डोळ्याला, नळी तोंडात, पोट पाण्यावर.

साहेबांनी विचारलं, पाण्याची भीती कुणाकुणाला आहे. अर्ध्या लोकांनी हात वर केले. मी म्हणालो, साहेब, आंबेगाव तालुक्यात अशी विहीर नाही जिचा तळ मी पाहिला नाही. लोक वळून बघायला लागले. तुलाही हे कळायला हवं म्हणून लिहितो. तू दुकान सोडून लोणीला गेलास तेव्हा गावात म्हणाले की आता भागुजीचं दुकान बसलं, विहिरीत उतरणारा गेला. पण मी बसू दिलं नाही. बेचाळिसाव्या वर्षी पाठीला रिकामा डबा बांधून कालव्यात पोहायला शिकलो. गाळात रुतलेला पाइपाच्या बुडाचा फूटव्हॉल्व्ह असो की दोर तुटून तळाला गेलेली मोटार असो, कुणाला दुसरीकडे जावं लागलं नाही. तेव्हा तुझ्यावाचून अडलं असं मनात धरू नकोस.

सावळारामशेठचं म्हणणं वेगळं होतं. नारायणगावच्या मीटिंगमध्ये जेवताना त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "भाड्याची नळी अजिबात घ्यायची न्हाई. आपापली न्यायची. आपल्या आधी कुणाच्या तोंडात व्हती, काय माहीत राव." सगळे हसले. मीही हसलो. साहेब म्हणाले, औषधाच्या पाण्यात बुडवून धुतलेल्या असतात. त्यावर शेठ म्हणाले, धुतलं म्हणून कुणाचं तोंड निघून जातंय व्हय. परत हसले.

शेठ मनाने चांगला माणूस आहे. दर दिवाळीला घरी येतात, आपल्या घरचं खातात. त्यांच्या मनात आपल्याविषयी काही नव्हतं. पण माझे कान तुला माहीत आहेत. दुकानात बसून रस्त्यापलीकडच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय की वाइंडिंग, ते मी सांगतो. त्या हसण्यात मला काहीतरी ऐकू आलं आणि दुसऱ्याच दिवशी मी पुण्याला जाऊन संच घेऊन आलो. का आणला, ते तेव्हा कळलं नाही.

म्हणून मी व्यवहाराने विचार करायला बसलो. आपला संच न्यावा की तिथला घ्यावा? विमानात माणशी वीस किलो सामान. पंजे लांब आहेत, पिशवीत आडवे बसत नाहीत. तिथे भाड्याने घेतलं तर ओझं नाही, पण काच चेहऱ्याला बसेल याची खात्री नाही, आणि आता दुसरी मिशी कापायला उरली नाही. आपला नेला तर एका दिवसाच्या कामासाठी पाच दिवस वागवायचा. परत आल्यावर इथे त्याचं काय करायचं? ज्योत्स्ना म्हणते, फक्त काच आणि नळी न्या, पंजे तिथले घ्या, पायाला कुणाची किळस येत नाही. पोरीचं डोकं चांगलं आहे. मी तिला म्हटलं, मग किळस तोंडाचीच का? ती म्हणाली, बाबा, तुम्ही प्रश्न विचारताय की भांडताय?

आता मुख्य. तुझी वहिनी येत नाही. खाली जमीन नसलेल्या ठिकाणी पाच दिवस राहायचं म्हणजे तिला शिक्षा वाटते. मी समजावलं, रागावलो, फोटो दाखवले. ती म्हणाली, "भावजींना न्या. पाण्याचा माणूस त्यो. तुमी कोरड्यावरचे."

म्हणून तुला बोलावतो आहे. एका खोलीत दोघं. कंपनीला नावं तीस तारखेच्या आत द्यायची आहेत. पासपोर्टचं कंपनीचा माणूस बघेल, तुझे चार फोटो आणि शाळेचा दाखला लागेल. ग्रामपंचायतीतून पाच-सहा दिवसांची सुट्टी जानेवारीत मिळेल ना? गावाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह तेवढे दिवस दुसरा कुणी सोडेल.

जुन्या गोष्टींना दहा वर्षं झाली. वहिनीच्या हातून जे झालं ते भीतीपोटी झालं, तिच्या मनात तुझ्याविषयी तसं काही नव्हतं. बायकांचं मन घाबरट असतं. तू ते फार मनावर घेतलंस.

मंगळवार, १२ सप्टेंबर

वरचं पत्र रविवारी लिहून मी गल्ल्यात ठेवलं होतं. पाकीट आणायचं होतं. सोमवारी तुझ्या वहिनीने, जानकाबाईने, ते वाचलं. चौथी शिकलेली बाई, बोट ठेवून एकेक ओळ वाचते. मी समोर पंपाचं झाकण बसवत होतो. शेवटच्या ओळीशी तिचं बोट थांबलं ते उठलंच नाही. कागद घडी करून तिने माझ्यापुढे ठेवला.

म्हणाली, "याच्यात माझं नाव हाय. तुमचं कुठं हाय?"

मी म्हणालो, खाली सही करायची आहे अजून.

"सही नव्हं. दहा वर्षं मी हे खाल्लं. मागल्या साली घोडेगावच्या लग्नात भावजींपुढं तांब्या धरला, तर नको म्हणाले. तहान लागलेली दिसत व्हती, तरी नको म्हणाले. म्या काय बी बोलले न्हाई. आता तुमीच बोलावताय त्यांना, तर खरं लिवून बोलवा. न्हाईतर एकले जावा अन् मासं बघून या."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी उत्तर दिलं असतं.

तू म्हणशील, फोन का नाही केला? तुझा नंबर माझ्याकडे आहे, लोणीच्या दूधवाल्याकडून घेतलेला, दोन वर्षं झाली. पण फोनवर मी समोरच्याचा आवाज ऐकतो आणि त्याप्रमाणे माझं पुढचं वाक्य बदलतो. धंद्यात तेच केलं, त्याच्यावरच उभा राहिलो. तुझा आवाज कानावर आला असता तर मी पुन्हा काहीतरी जुळवलं असतं. कागदावर तू ऐकू येत नाहीस. म्हणून इथेच लिहितो.

काल दुपारी मी संच घेऊन दुकानामागच्या हौदाशी गेलो. मोटारी चालवून बघायचा तो हौद, छातीइतका. काच लावली, नळी तोंडात धरली आणि कडेला दोन्ही हात धरून तोंड पाण्यात घातलं. बघायला काय, तळाला एक नट पडलेला आणि शेवाळ. पण ऐकायला मिळालं. कान पाण्यात गेले की बाहेरचं सगळं बंद होतं आणि नळीतून स्वतःचाच श्वास ऐकू येतो. घर्र, घर्र. आत ओढलेला, बाहेर सोडलेला, जसा भिंतीपलीकडे कुणी झोपला आहे.

मी तोंड वर काढलं आणि हौदाच्या कडेवर बसून राहिलो. तो आवाज मी आठ महिने ऐकला होता, प्रबुद्ध. पंचाण्णव साली, मधल्या खोलीच्या पत्र्याच्या आडभिंतीतून. यशोधरा बाळंतपणाला लोणीला गेलेली, आणि तू पलीकडे. तुझ्या छातीत किती घरघर आहे, कालच्यापेक्षा कमी की जास्त, हे मला भिंतीला कान न लावता कळायचं. तुला वाटत असेल मी काळजीने ऐकायचो. काळजी होती. पण माझ्यापर्यंत येतंय का, हेही मी ऐकत होतो.

डॉक्टरांकडे तुला घेऊन मीच गेलो होतो. तुला बाहेर बाकावर बसवून त्यांनी मला आत बोलावलं. ते काय म्हणाले ते मी घरी आल्यावर कुणालाच नीट सांगितलं नाही, आज तुला सांगतो. ते म्हणाले, टीबी खोकल्यातून पसरतो, ताटवाटीतून पसरत नाही. औषध रोज चालू ठेवा, काही आठवडे खोकताना तोंडाला रुमाल धरू द्या, पुढे तेवढीही भीती नाही. भांडी वेगळी करू नका, पेशंट मनाने खचतो. हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण त्यांना माणसं माहीत होती. मी मान डोलावली.

आणि घरी येऊन चहाच्या सहा कपांतला एक उचलून दुकानात नेला. त्याच्या बुडाला वाइंडिंगच्या लाल वार्निशचा ठिपका दिला. आपण मोटारीच्या तारांची टोकं ओळखायला देतो तोच. वाळवला आणि परत फळीवर ठेवला. जानकाबाईला म्हणालो, याला यातच देत जा. ती म्हणाली, डाक्तरांनी सांगितलं का? मी हो म्हणालो.

तिने तो ठिपका दिला नव्हता. तिला वार्निश कुठल्या डब्यात असतं ते आजही माहीत नाही.

तू आठ महिने त्याच कपात चहा प्यायलास. औषध पूर्ण झालं, थुंकीच्या तपासणीत काही निघालं नाही, डॉक्टरांनी तुझी पाठ थोपटली. त्या दिवशी वहिनीने शिरा केला. आपण ओसरीवर बसलो. चहा आला तो तुला त्याच कपात आला. ती बिचारी, तिला थांब असं कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं काम होतं. मला आठवलंही होतं. कप तिच्या हातात बघून मनात आलं होतं की आज बदलायला सांगावं, पण मग म्हटलं, आजचा दिवस असू दे, उद्यापासून.

तू चहा संपवलास. कप बशीत पालथा केलास. ठिपका वर आला. तू त्याच्यावर अंगठ्याने खरवडून बघितलंस, निघाला नाही. ते वार्निश निघत नाहीच. तू माझ्याकडे बघितलंस, आणि तू काही विचारायच्या आत मी म्हणालो, "तुझ्या वहिनीला भीती वाटते रे."

ती दाराच्या आत उभी होती. तिने ते ऐकलं. मी तिला ऐकताना ऐकलं.

तू एवढंच म्हणालास, "असू दे दादा." आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने लोणीला गेलास. मी लोकांना सांगितलं की दुकानातल्या वाट्यावरून बिनसलं. दुकानाच्या वाट्यावरून आपण कधी एक शब्द बोललो नव्हतो.

आता तुला आबा आठवतील, मला तर हौदावर बसल्यापासून ते डोळ्यांपुढून हलले नाहीत. तू लहान होतास, पण मी आठ-नऊ वर्षांचा होतो, बापाचं बोट धरून बाजारला जायचो. त्या वेळच्या हॉटेलात आपल्या लोकांचे कप बाहेर वळचणीला खुंटीला टांगलेले असायचे. आपणच काढायचा, आपणच विसळायचा. आबांनी तो कप कधी घेतला नाही. पिशवीत जर्मनचा पेला न्यायचे. हॉटेलवाल्याला म्हणायचे, ह्यात वत. चहा वरून ओतायचा, पेला त्याच्या हाताला लागायचा नाही, पण तो पेला आबांचा होता. मी एकदा विचारलं, तो कप का घेत नाही? म्हणाले, "त्यो त्यांनी माझ्यासाठी ठेवलाय. ह्यो मी माझ्यासाठी आणलाय." चालताना पिशवीत पेला वाजायचा, त्या आवाजावरून मी गर्दीत त्यांना शोधायचो.

ज्या विहिरींच्या काठाला आबांना उभं राहू देत नव्हते, त्यांच्यात तू कमरेला दोर बांधून उतरायचास आणि मालक वर तुझ्यासाठी चहा घेऊन उभा असायचा, घरातल्या कपात. मला केवढा अभिमान वाटायचा. दोर माझ्या हातात असायचा. एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे ओढ. सहा-सात वर्षांत एकदाही चुकलो नाही. आणि मग त्याच हाताने घरात खुंटी ठोकली. त्यांनी निदान बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी टांगली होती. मी बुडाला ठिपका दिला.

सावळारामशेठच्या हसण्यात मला काय ऐकू आलं होतं, ते आता कळलं. त्यात शेठ नव्हते. मीच होतो.

म्हणून नळीचा प्रश्न परत पहिल्यापासून मांडला. आपला संच नेणं म्हणजे आबांचा पेला नेणं, असं एकदा वाटलं. मग वाटलं, नाही, आबांना दुसरा रस्ता नव्हता, मला आहे. मी नेतो आहे तो दुसऱ्याच्या तोंडाला भिऊन. मग वाटलं, काहीच नेऊ नये, तिथल्या पेटीतून जे हाताला येईल ते घ्यावं, जगाचं उष्टं तोंडात धरावं, म्हणजे एकदा फिटेल. पण तेही खोटं. जगाशी माझं काही भांडण झालेलं नाही. त्या कोण गोऱ्या माणसाची नळी तोंडात धरून तुझं काय फिटणार?

ज्योत्स्ना म्हणाली, काका येणार असतील तर त्यांच्यासाठीही एक संच आणते. मी नको म्हटलं. आपापला संच म्हणजे आपापला कप.

मी असं ठरवलं आहे. हा एकच संच न्यायचा. पंजे नाहीत, फक्त काच आणि नळी. बेटावर आधी तू पाण्यात जायचं. तुझं बघून झालं, तू वर आलास, की ती नळी तुझ्या तोंडातून काढून मला द्यायची, आणि मी न धुता तोंडात धरायची. शेठ शेजारी उभे असतील. असू देत. तुझ्या घरी, तुझ्यासमोर, यशोधरासमोर मी हे एका कपात करायला हवं होतं, दहा वर्षांपूर्वी, आणि लोणी इथून काही समुद्रापलीकडे नाही. एवढ्या लांब जाऊन ते करणं हीसुद्धा पळवाटच आहे, असं वहिनी म्हणते. तिचं खरं आहे. म्हणून हे पत्र मिळाल्यावर तू नको म्हणाला नाहीस, तर येत्या रविवारी मी आणि ती लोणीला येऊ. तिला तू दिलेलं पाणी प्यायचं आहे आणि तिने दिलेलं तू प्यावंस असं वाटतं. माझं काय करायचं ते तू ठरव. ओसरीवर बसवलंस तरी बसेन.

राग धरलास तर तो मला धर. दहा वर्षं तो चुकीच्या दारात उभा आहे.

तू आला नाहीस तर मी जाणार नाही. नाव मागे घेतो असं साहेबांना सांगेन. ही धमकी नाही, तिकीट वाया जाईल म्हणून तू येऊ नकोस. फोटो पाठवायचे असतील तर पांढऱ्या पडद्यावरचे, दोन्ही कान दिसतील असे, ते लोक कान बघतात. दाखला मिळाला नाही तर शाळेत मी जाऊन काढतो, मास्तर ओळखीचे आहेत.

पोरीचं नाव काय ठेवलंस ते मला गिऱ्हाइकाकडून कळलं, सुप्रिया. ती अकरा वर्षांची झाली. मी तिला एकदाही जवळ घेतलेलं नाही. मोठी झाली की घेता येत नाही, नुसतं विचारता येतं, कितवीत आहेस.

जानकाबाईने आता हे सगळं वाचलं. तिला दीड तास लागला. मधे दोनदा उठून चुलीकडे गेली. शेवटी कागद माझ्याकडे देऊन म्हणाली, अजून एक राहिलंय, ते बी लिवा, न्हाईतर भावजी तिथं तुम्हाला सोडून लांब जातील अन् तुमच्या जिवावर येईल. मी म्हणालो, ते कशाला, अंगात फुगणारं जाकीट देतात म्हणे. तिने पेन उचलून माझ्यापुढे ठेवलं.

तर ते असं. तू गेल्यावर कालव्यात वगैरे मी काही शिकलो नाही. डबा पाठीला एकदा बांधला, गुडघाभर पाण्यात उभा राहिलो आणि परत आलो. तळाला गेलेल्या मोटारी काढायला दहा वर्षं मी ओतूरहून माणूस बोलावतो आणि स्वतः काठावर दोर धरून उभा राहतो.

मला पोहता येत नाही.

तुझा मोठा भाऊ,
भागुजी